मध्यस्थाची बशी

"मला नको," लालासाहेब म्हणाले आणि शिऱ्याची बशी त्यांनी पुढे सरकवली.

सोप्यात बसलेल्या दहा-बारा माणसांनी बशीकडे पाहिलं. शिराळ्याजवळच्या त्या खेड्यात केरबाच्या पोरीचं, साक्षीचं, लग्न नुकतंच ठरलं होतं. आमच्याकडे बोलणी जुळली की पहिला गोड घास मध्यस्थानं घ्यायचा, मग दोन्हीकडच्यांनी. मध्यस्थ लालासाहेब. मी त्यांचा शेजारी, निवृत्त मास्तर. माझं काम काय, तर त्यांना पलूसहून स्कूटरवर आणायचं आणि मान डोलवायची!

बावीस वर्षं हा माणूस सोयरिकी जुळवतोय. प्रत्येक घरी शिरा नाहीतर लाडू, वर कपभर गोड चहा, आणि लग्नसराईत दिवसाला तीन घरं. मार्चमध्ये सांगलीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितले. रक्तात साखर, बी.पी. जास्त, चरबी वाढलेली. पोट तर आम्ही रोज बघतच होतो. "ही चौघं एकत्र आली की हृदयाला धरतात," डॉक्टर म्हणाले. "गोळ्या मी देतो, तोंड तुम्ही सांभाळा." लालासाहेबांची बायको, अंजनावहिनी, सोबत होत्या; त्यांचे वडील असेच हृदयानं गेलेले. त्या तिथंच रडल्या. लालासाहेबांनी बायकोला शब्द दिला आणि दोन महिने पाळलाही. भाकरी, पालेभाजी, पहाटे चालणं. सदरा ढिला झाला तर गल्लीभर दाखवत हिंडले. एकही सोयरीक हातात घेतली नाही. केरबानं पायच धरले, म्हणून आज आले.

नवऱ्या मुलाचे चुलते भाऊसो पुढे सरकले. "का वो? पोरीत काय खोट हाय व्हय? तुमाला म्हाईत आन् आमाला न्हाई?"

"तसं न्हाई, भाऊसो. मला शुगर हाय. डाक्टरनं गोड बंद केलंय."

"माझ्या पुतणीच्या वक्ताला चार लाडू हाणलं की तुमी! आजच बरी शुगर झाली?"

कुणीतरी हसलं. भाऊसो हसले नाहीत. त्यांनी स्वतःची बशी खाली ठेवली.

"अहो, खरंच. मी होतो दवाखान्यात," मी म्हणालो. पण मास्तराचं कोण ऐकतंय!

केरबाच्या तोंडचं पाणी पळालं. साक्षीची दोन लग्नं अशीच ठरून मोडली होती. तिसरं मोडलं तर तिला कोण विचारणार होतं? ती आतल्या दारात चहाचा ट्रे धरून उभी होती, ती एक पाऊल मागे सरकली.

लालासाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मग बशी ओढून घेतली.

"थट्टा केली वो, भाऊसो," ते म्हणाले. "शिरा लय झ्याक झालाय."

त्यांनी सगळा शिरा खाल्ला. साक्षीच्या आईनं आनंदानं पुन्हा वाढला, तोही खाल्ला. मग चहा. भाऊसोंनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "ह्येला म्हंत्यात मध्यस्थ! आता आमच्या धाकट्याचं बी तुमीच बघायचं." लालासाहेब त्यालाही हो म्हणाले. मला त्या भाऊसोचा असा राग आला होता की पानसुद्धा घेतलं नाही मी.

परतताना इस्लामपूरच्या पुढे त्यांनी स्कूटर थांबवायला लावली. गटागटा पाणी प्याले.

"गुरुजी, घरात बोलू नगा."

"आणि पुढच्या घरी?"

"बघू," म्हणाले आणि मागे बसले.

दिवेलागणीला पोचलो. अंजनावहिनी दारातच होत्या. नवऱ्याला नाही, त्यांनी मला विचारलं, "गुरुजी, खरं सांगा. काय खाल्लं का ह्यांनी?"

जन्मभर खोटं बोलणाऱ्या पोरांना छड्या मारल्या मी. "शिऱ्याला हात लावला नाही," मी म्हणालो.

वहिनींचा चेहरा केवढा उजळला! माझी मलाच लाज वाटली.

"आवं, मग दिसभर उपाशीच की! बसा दोघं," म्हणत त्या चुलीकडे धावल्या. गरम भाकरी आणि मेथीची भाजी घेऊन आल्या.

लालासाहेब पाय धुऊन पाटावर बसले. मान खाली घालून, चावून चावून त्यांनी दीड भाकरी संपवली. वहिनी समोर बसून त्यांचा एकेक घास बघत होत्या.