डाव्या अंगठ्याचं शास्त्र

पाणी गाळायची मातीची मडकी चाळीस वर्षं केली आत्याने आणि त्यांच्यावर नाव कमावलं भाचीने. भाची विद्यापीठात प्राध्यापक. दोन वर्षं ती दर शनिवारी आत्याच्या कारखान्यात यायची, मातीत भुसा किती ते तोलायची, आत्याच्या हाताला मोजपट्टी लावायची आणि आयता चहा पिऊन जायची. पुढे विद्यापीठाने ती पद्धत परदेशातल्या एका कंपनीला शिकवायला दिली. करारात ‘ज्ञान कुठून मिळाले’ असा रकाना होता. भाचीने लिहिलं, ‘विभागाचे संशोधन’. आत्याला कुठे कळणार आहे, असं म्हणत तिने सही ठोकली.

आज त्या कंपनीची प्रशिक्षक बाई विद्यापीठात आली होती.

“मडकी उत्तम गाळतात,” ती म्हणाली. “पण काठ डाव्या अंगठ्याने दाबून आमच्या बायकांचे हात सुजतात. डाव्याने दाब सारखा पडतो, असं तुम्ही लिहिलंय. तो कसा?”

 ते वाक्य भाचीने चक्क ठोकून दिलं होतं. आत्या डावा वापरते म्हणजे त्यात शास्त्र असणारच, एवढाच बाईसाहेबांचा अभ्यास. आत्या काहीतरी कारण सांगेल आणि आपली लाज राखेल, या आशेवर ती पाहुणीला घेऊन कारखान्यात आली.

आत्या काठच दाबत होती. भाचीने विचारलं तशी ती हसायलाच लागली.

“अगं, कसलं शास्त्र? लहानपणी उजवा अंगठा दारात चेमटला. तेव्हापासून वळतच नाही. दोन वर्षं माझा हात मोजत होतीस, एकदा विचारायचंस तरी!”

“काय म्हणाल्या?” पाहुणीने वही उघडली.

दोघींची भाषा येणारी तिथे भाची एकटीच होती. वाट्टेल ते सांगून सुटता आलं असतं, आणि एक वाक्य तिच्या जिभेवर आलंही होतं. पण आत्या तिच्याकडे इतक्या विश्वासाने बघत होती की ते तिथेच विरलं. तिने दाराची आणि अंगठ्याची गोष्ट जशीच्या तशी सांगितली.

“पद्धत यांची आहे,” ती पुढे म्हणाली. “मी फक्त लिहून घेतली. तीही धड नाही.”

 पाहुणीने लिहिणं थांबवलं.

“एवढा वेळ काय सांगत होतीस?” आत्याने विचारलं.

मग आत्यालाही सगळं सांगावं लागलं. करार, रकाना, तिकडच्या बायका. भाची मान खाली घालून बोलत राहिली. आता आत्या चांगली फैलावर घेईल, निदान तेवढं तरी करेल, असं तिला वाटत होतं.

आत्याने रकान्याबद्दल एक शब्द काढला नाही.

“किती बायका आहेत गं तिकडे?”

“साठ.”

“अगबाई!” आत्याने मातीचे हात पदराला पुसले. “मग बसलीस काय? आधी फोन लाव. उजव्याने करा म्हणावं.”