तीन रकान्यांची वही

पुनमनं बी.ए.ला इंग्रजी घेतलं तेव्हा गोंडपिपरीत अर्ध्या लोकांनी तिची टर उडवली होती. अलोणे सरांनी मात्र जुन्या, पिवळ्या पडलेल्या इंग्रजी कादंबऱ्यांची पेटीच तिच्यापुढं उघडली. रिटायर मास्तर, बायको वारलेली, घरात एक मुलगा हेमराज, तोही तुसडा. सरांना तरी ऐकायला दुसरं कोण होतं?

पहिल्याच कादंबरीत लंडनच्या चोरांची बोली निघाली. 'पीलर आला' म्हटलं की सगळे चोर गल्लीबोळांत पांगायचे. पुनमनं डिक्शनरी पाहिली, तर पीलर म्हणजे साल सोलणारा. सर पोट धरून हसले.

"काऊन वो पोरी, साल सोलनाऱ्याले पाहून चोर कायले पळन? ठेव ते डिक्शनरी बाजूले. वहीत तीन रकाने पाड. कोन बोललं, समोर कोन होतं, मंग काय झालं. शब्द कितीबी आडमुठा असो, तिथंच सापडते."

तीन रकान्यांत पीलरचा पोलीस निघाला.

पुढच्या पौषात सरांना लकवा मारला. डावा हात तेवढा शाबूत राहिला. तोंडातून शब्द निघत, पण भलतेच. "बुढ्याचं डोस्कं गेलं," असं हेमराज गावभर सांगत सुटला. पुनमला ते पटेना. ती रोज दुपारी वही घेऊन खाटेशी बसू लागली. चौथ्या दिवशी तिला उमगलं की सर 'सुट्टी' म्हणतात तेव्हा त्यांना पाणी हवं असतं. पेला ओठांशी नेला, तर एवढा मोठा माणूस ढसाढसा रडला. पोरीला आभाळ ठेंगणं झालं, आणि तिथंच तिचा घात झाला.

कारण मग सर 'फळा, फळा' करू लागले. मास्तरच ते, त्यांना फळाच आठवणार, असं पुनम धरून चालली. रकाने भरले, पण वाचले नाहीत. बाजारातून पाटी आणून त्यांच्या हातात दिली. पाटीवर नुसत्या रेघोट्या उठल्या आणि सरांनी ती भिरकावली. तरी पंधरा दिवस ही बावळट पाटीच पुढं करत राहिली!

एका दुपारी सहज तिनं वही चाळली. 'फळा' अकरा वेळा. समोर कोण? हेमराज, नाहीतर दारात थांबलेली हेमराजची मोटारसायकल. मग काय झालं? सरांनी हात पांघरुणात लपवला. अकराही वेळा. तिनं पांघरूण सारलं, सदऱ्याची लांब बाही वर केली. शाबूत हाताच्या मनगटावर दोरीचे वळ होते, काही जुने, काही ओले. दंड काळानिळा झाला होता.

"फळा," सर पुटपुटले. बाहेर मोटारसायकल थांबली होती.

हेमराज आत आला. त्यानं पांघरुणाकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"काय म्हणून राह्यला वो माहा बाप?"

सर तिच्याकडं टक लावून पाहत होते. अख्ख्या गावात त्यांची भाषा कळणारं ते एकच माणूस होतं.

पुनमनं वही मिटली.

"काई नाई भाऊ," ती म्हणाली, "पाटी मागून राह्यले."

सरांनी डोळे मिटले.

घरी येऊन तिनं वरोऱ्याला सरांच्या बहिणीला, सोनीबाईंना फोन लावला आणि रडत रडत सगळं सांगितलं. सोनीबाई दुसऱ्याच दिवशी गाडी करून आल्या. चार माणसांसमोर त्यांनी हेमराजचा पाणउतारा केला आणि भावाला घेऊन गेल्या. आता मनगट भरून आलं आहे. सर बहिणीकडं 'सुट्टी' मागतात आणि पेलाभर पाणी घटाघटा पितात.

पुनम दर रविवारी बसनं वरोऱ्याला जाते. खाटेशी बसते, पेला पुढं करते. सर भिंतीकडं तोंड फिरवतात. वही ती अजून सोबत नेते, पण त्यानंतर तिच्यात एकही शब्द चढलेला नाही. पुनमपुढं सर बोलतच नाहीत.