पिस्टनवरचे चार ओरखडे

चूक मिस्त्रीची निघाली आणि मोटारसायकल क्लबच्या यादीतून त्याचं नाव गेलं. पण ते घडलेलंच नाही असं आपण धरून चालू, कारण सकाळी साडेदहापर्यंत मिस्त्रीही तसंच धरून चालला होता.

"तेल कमी घातलंत तुम्ही," गणिताच्या बाई म्हणाल्या. आठवडाभर त्या शाळेत गणित शिकवत आणि सुट्टीच्या दिवशी चिखलातल्या मोटारसायकल शर्यतींत उतरत. गाडी तीन दिवस ब्रेकच्या कामासाठी मिस्त्रीकडे होती. काल नेली, आणि सरावाच्या पहिल्याच फेरीत इंजिन जाम. "क्लबचा नियम माहितीये ना? ज्याच्या चुकीनं इंजिन जातं, तो मिस्त्री यादीतून बाद."

"मॅडम, टू-स्ट्रोक आहे. पेट्रोलमध्ये तेल मी मापून मिसळतो. बायकोचं खोकल्याचं औषध इतकं मापत नाही."

"मग सिद्ध करा."

मिस्त्रीने सिलिंडर उतरवलं आणि पिस्टन त्यांच्या नाकासमोर धरला. गेली एकवीस वर्षं तो लोकांना हेच समजावत होता आणि गेली एकवीस वर्षं लोक मान डोलावून घरी जात होते.

"तेल कमी असतं तर हा सगळीकडून सोलला असता. धूळ गेली असती तर कार्ब्युरेटरच्या बाजूला झिजला असता. हे बघा, चारच उभे ओरखडे. चार कोपऱ्यांत. इंजिन थंड असताना कुणीतरी अ‍ॅक्सिलरेटर फुल पिळलाय. पिस्टन तापून फुगला, सिलिंडर अजून गारच. अडकेल नाही तर काय करेल बिचारा?"

"मी घड्याळ लावून पाच मिनिटं गरम करते."

"सगळे असंच म्हणतात."

"मी गणित शिकवते, मिस्त्री."

हे कसलं उत्तर, पण मिस्त्रीला ते पटलं, आणि पटलं म्हणून तो जास्तच वैतागला.

बाई हात धुवायला मागे गेल्या. दाराशी स्टुलावर मिस्त्रीचे वडील बसले होते. गॅरेज मूळ त्यांचंच. अजूनही सकाळी कुलूप तेच उघडत. कानाचं यंत्र ते खिशात ठेवत, वापरून खराब होऊ नये म्हणून.

"काय झालं रे?"

"इंजिन गेलं, बाबा," मिस्त्री ओरडला.

"जाईल कसं? तिन्ही दिवस सकाळी मीच चालू करून बघितलं. आधी आवाजच येईना. फुल पिळलं तेव्हा कुठे ऐकू आलं. काय सुरात चालतं."

मिस्त्रीने पिस्टनकडे बघितलं. ओरखडे इथेच पडले होते, काल फक्त जाम झालं. बाबांकडे बघितलं. हात काळा होता, तरी कपाळाला लावला. बाबांकडून किल्ली काढून घ्यायची, तर उद्या सकाळी उठून त्यांनी जायचं कुठे?

बाई परत आल्या.

"तेल कमी पडलं," मिस्त्री म्हणाला. "चूक माझी."

"आणि चार कोपरे?"

"तिथे जास्त कमी पडलं."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग स्टुलावरच्या खूश चेहऱ्याकडे. "बरं. लेखी द्या," त्या जरा हळू म्हणाल्या.

क्लबच्या छापील फॉर्मवर मिस्त्रीने भरलं: कारण, तेलाचा अभाव. जबाबदार, खाली सही करणार. शेवटी 'इंजिन उत्पादकास सूचना' असा एक रकाना होता. त्यात आजवर कुणीच काही लिहिलं नव्हतं. त्याने लिहिलं:

'सविनय विनंती की, यापुढील इंजिने थंड असताना व कमी वेगातही ज्येष्ठ नागरिकांस स्पष्ट ऐकू येतील अशी बनवण्यात यावीत. सदर सुधारणा होईपर्यंत, त्यांनी ती पूर्ण पिळून पाहिल्यास बिघडू नयेत, अशी व्यवस्था आपल्या स्तरावर व्हावी.'