माझ्या पोटातला सैल पट्टा

मित्रांनो, मी एक जुना व्हॅक्यूम क्लीनर आहे. उभा, जाडजूड, करड्या रंगाचा आणि आवाजाने भारदस्त. काही जण त्या आवाजाला कर्कश म्हणतात. त्यांचं मी मनावर घेत नाही. ज्याला जन्मभर दुसऱ्यांचा कचरा खायचा आहे, त्याने निदान तो मोठ्याने खावा, असं माझं मत आहे. मला तोंड आहे, पण ते फक्त खायला. बोलता आलं असतं तर पुढे जे झालं त्यातलं अर्धं टळलं असतं.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे आमची रांगच्या रांग हळूहळू पुढे सरकत असे आणि प्रत्येक टेबलापाशी कोणीतरी आमच्यात काहीतरी घाले. कोणी मोटर बसवली, कोणी चाकं लावली. शेवटच्या टेबलावरच्या बाईंनी मला उलटं केलं आणि माझ्या पोटात रबराचा एक काळा पट्टा चढवला. दिसायला तो अगदी साधा, मोठ्या बांगडीसारखा गोल आणि बोटभर रुंद. त्याची एक बाजू मोटरच्या दांड्यावर, दुसरी माझ्या तोंडातल्या रुळावर. मोटर फिरली की पट्टा फिरतो, पट्टा फिरला की रूळ फिरतो, आणि रुळावरचे ब्रशचे ताठ केस गालिच्याला झोडपून आतली घाण वर काढतात. मग मी ती ओढून घेतो. नुसतं ओढून गालिचा साफ होत नाही हो. आत दडून बसलेल्याला आधी हलवावं लागतं.

तो पट्टा चढवताना त्या बाईंनी अक्षरशः दातओठ खाल्ले होते. पट्टा काही केल्या रुळावर यायला तयार नव्हता. शेवटी त्यांनी असा काही हिसका दिला की माझं सगळं अंग हललं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मी ज्या घरी आलो ते एका शिंप्याचं घर होतं. वरच्या मजल्यावर मागे राहायच्या खोल्या आणि पुढे रस्त्याच्या बाजूला शिवणकामाची मोठी खोली. घरातले आजोबा म्हणजे मास्तर. सगळी गल्ली त्यांना मास्तरच म्हणायची. त्यांनी आपली सगळी विद्या आपल्या सुनेला शिकवली होती आणि आता दोघं मिळून काम करत. मास्तर कापत, सूनबाई शिवत. मास्तरांचा मुलगा मालाची गाडी चालवायचा आणि संध्याकाळी घरी येऊन दोघांची बोलणी खायचा, कारण तो नेमका बूट घालून गालिच्यावर येत असे.

शिवणाच्या खोलीत गालिचा का, असं तुम्ही विचाराल. तर खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूंना शिलाई मशीनची खडखड सहन होत नव्हती. रोज तक्रार. शेवटी मास्तरांनी जाड गालिचा अंथरला आणि तक्रार थांबली. पण खोलीत दिवसभर कापड कापलं की बारीक तूस उडतं. ते गालिच्यात जाऊन बसलं, आणि तिथून उठून मास्तरांच्या छातीत जाऊ लागलं. मास्तरांना खोकला लागला. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, झाडूने हे तूस नुसतं हवेत उडतं, गालिच्यासाठी यंत्र आणा. म्हणून मला आणलं.

ते माझे खरे सोन्यासारखे दिवस. दुपारी कापायचं काम आटोपलं की सूनबाई आधी लोहचुंबक फिरवून टाचण्या गोळा करत. मास्तर चहाचा कप घेऊन जिन्यात जाऊन बसत. मग माझी पाळी. टेबलाखाली, मशीनच्या पायडलाभोवती, कपाटाच्या कडेने मी असा काही घुमायचो की खिडकीची काच थरथरायची. माझा आवाज थांबला की मास्तर आत येत, गालिच्यावर तळवा फिरवून बघत आणि म्हणत, "वा रे पहिलवान. आता खोलीला श्वास आला." पहिलवान हे नाव त्यांनीच मला दिलं होतं. मी वरवर गप्प असायचो, पण पोटात गुदगुल्या व्हायच्या.

त्या घरात एक कडक नियम होता. मास्तरांची मोठी कात्री कापडाशिवाय कशालाही लागता कामा नये. कागदाला नाही, दोरीला नाही. एकदा मुलाने त्या कात्रीने पुठ्ठा कापला, तर मास्तर त्याच्याशी दोन दिवस बोलले नव्हते. ती कात्री टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात असे आणि रोज सकाळी मास्तर ती मऊ फडक्याने पुसून मगच कामाला लागत.

वर्षं गेली. शिंप्याच्या घरात धाग्यांना काय तोटा. लाल, पांढरे, काळे, सगळ्या रंगांचे धागे माझ्या रुळाच्या टोकांना गुंडाळत गेले. रूळ जड झाला. पट्टा बिचारा त्याला ओढून ओढून ताणला गेला, गुळगुळीत झाला, आणि घसरू लागला. कधीकधी जळक्या रबराचा वास यायचा. सूनबाई वास हुंगत म्हणायच्या, "बाबा, गॅसवर काही राहिलंय का?" आणि स्वयंपाकघरात बघून यायच्या. अहो, मी इथे जळतोय आणि तुम्ही दूध बघताय!

मग एक दिवस रूळ फिरायचाच थांबला. मोटर चालू, आवाज पहिल्यासारखाच दणदणीत, माझ्या कपाळावरचा छोटा दिवासुद्धा लागलेला. बघणाऱ्याला वाटावं, पहिलवान जोरात काम करतोय. प्रत्यक्षात मी गालिच्यावरून नुसता हात फिरवत होतो. वरवरचं उचलत होतो आणि आतलं सगळं आतच राहत होतं. हे मला कळत होतं, पण सांगणार कसं? नुसता घुमत राहिलो.

मास्तरांचा खोकला परत आला, आणि या वेळी जायचं नाव घेईना. जिना चढताना ते मध्येच भिंतीला हात लावून उभे राहू लागले. डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या. त्यांनी मास्तरांची छाती तपासली, मग वाकून गालिच्याला चिमटा काढला, तर बोटात तुसाचा पुंजका आला.

त्या म्हणाल्या, "हे बघा, मी स्पष्टच सांगते. एकतर हे तूस या खोलीतून जायला हवं, नाहीतर मास्तरांनी."

"रोज यंत्र फिरवते हो मी," सूनबाई रडवेल्या झाल्या.

"मग यंत्र बघा."

सूनबाईंनी खरंच बघितलं. मला उलटं केलं, पेचकसाने खालचं झाकण काढलं, आणि पट्टा त्यांच्या हातात आपोआप आला. जुन्या मोज्याच्या तोंडासारखा ढिला. त्यांचा चेहरा उजळला आणि माझ्याही जिवात जीव आला. चला, आजार सापडला!

पण शिंप्याच्या हाताला एक सवय असते. गिऱ्हाईक म्हणतं, हा जुना सदरा घ्या आणि अगदी असाच शिवा. शिंपी तो जुना सदरा टेबलावर पसरतो, टेप लावतो आणि तसाच शिवतो. सूनबाईंनी माझा पट्टा टेबलावर पसरला, टेप लावली आणि माप घेतलं. माझ्या पाठीवरचा नंबर केव्हाच पुसला गेला होता, त्यामुळे सुट्या भागांच्या दुकानदाराने नंबर विचारला तेव्हा त्यांनी अभिमानाने सांगितलं, "नंबर नाही, पण माप आहे. दोऱ्याचाही फरक निघणार नाही." दुकानदाराने त्या मापाचा नवाकोरा पट्टा दिला.

तो पट्टा किती अलगद बसला म्हणून सांगू. ना हिसका, ना दातओठ. मला तिथेच शंका आली. सूनबाईंनी मला उचलून धरून बटण दाबलं, तर रूळ गरागरा फिरला. मास्तरांनी टाळी वाजवली. पण मला गालिच्यावर टेकवलं, आणि रूळ जागच्या जागी थांबला. परत उचललं, फिरला. परत टेकवलं, थांबला.

"नवा पट्टा घालूनही असं?" सूनबाई खाली बसल्या. "म्हणजे मोटरच थकली."

मुलगा म्हणाला, "अगं, वय झालं त्याचं. भंगारवाल्याला सांगून ठेवतो." नवीन यंत्र इतक्यात जमणार नव्हतं. हे तिघांनाही ठाऊक होतं, म्हणून कोणी तो विषय काढला नाही. मास्तरांना दुसऱ्या गावी त्यांच्या मुलीकडे पाठवायचं ठरलं. तिचं घर मोठं, स्वच्छ, आणि तिथे कापडाचा एक धागा नाही.

मास्तरांनी आपली बॅग भरायला घेतली. कपडे ठेवले, चष्मा ठेवला, औषधं ठेवली. मग ती मोठी कात्री पुसली, मऊ कापडात गुंडाळली आणि सूनबाईंच्या मशीनशेजारी नेऊन ठेवली.

"बाबा, कात्री बॅगेत घालायची राहिली."

"राहिली नाही. तुझ्यासाठी ठेवलीय. तिकडे मी काय कापणार?"

सूनबाईंनी मान खाली घातली आणि त्या सुईत दोरा ओवू लागल्या. दोरा काही केल्या सुईत जाईना. मी दाराजवळच्या कोपऱ्यात उभा होतो, भंगारवाल्याची वाट बघत. मित्रांनो, मला तेव्हा फार वाईट वाटलं. मला भंगारात जायचं दुःख होतंच, पण माझ्या पोटातल्या एवढ्याशा पट्ट्यापायी या माणसाची खोली सुटत होती.

जायच्या दिवशी सकाळी मास्तर एक पायजमा हातात घेऊन आले. "सूनबाई, याचं इलॅस्टिक पार गेलंय बघ. हा घातला तर सगळा प्रवास कंबर धरून करावा लागेल."

बऱ्याच दिवसांनी सूनबाई हसल्या. त्यांनी पायजम्यातलं जुनं इलॅस्टिक ओढून काढलं, टेबलावर पसरलं आणि त्याच्याशेजारी नवं इलॅस्टिक मापायला घेतलं. त्यांचं लक्षच नव्हतं कामात.

मास्तर म्हणाले, "अगं, काय करतेस? ते सैल पडलेलं आहे. त्याच्यावर माप घेतलंस तर नवं पहिल्या दिवसापासून सैल. माप कमरेचं घे आणि त्याहून थोडं कमी काप. ताणून बसलं तरच ते धरून ठेवतं."

"बाबा, एवढं मला कळतं हो. गिऱ्हाइकांना मीच तर सांगत असते की जुन्या इलॅस्टिकवर..."

त्या बोलता बोलता थांबल्या. हळूच मान वळवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही त्यांच्याकडे पाहत होतो. काय सांगू, त्या क्षणी मला वाटलं की मला खरंच बोलता येतं.

पायजमा तसाच टाकून त्या माझ्यापाशी आल्या. मला उलटं केलं, झाकण उघडलं, तो अलगद बसलेला पट्टा काढून बाजूला ठेवला. मग मोटरच्या दांड्यावरून आणि रुळावरून टेप फिरवून माझ्या अंगावरचं माप घेतलं. "थोडं कमी," त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि चपला घालून जवळजवळ पळतच जिना उतरल्या.

नेमका तेवढ्यात भंगारवाला आला. मुलगा मला उचलायला पुढे झाला, तर मास्तरांनी माझ्या दांड्यावर हात ठेवला.

"थांब. पहिलवान इतक्यात कुठे जात नाही."

"अहो बाबा, गाडीची वेळ होईल."

"होऊ दे. सूनबाई माप घेऊन गेलीय."

भंगारवाला म्हणाला, "मग मी थांबू की जाऊ?"

"बस, चहा घे," मास्तर म्हणाले, आणि तो खरंच बसला.

सूनबाई धापा टाकत परत आल्या. हातातला पट्टा पाहून मुलगा म्हणाला, "अगं, हा लहान आहे. बसणारच नाही."

"बसवायचा," सूनबाई म्हणाल्या.

आधी रुळावरचे धागे काढायला हवे होते. वर्षानुवर्षांचे पीळ होते ते, नखांनी सुटेनात. सूनबाई छोटी कात्री शोधू लागल्या. मास्तर उठले, मशीनजवळ गेले, त्यांनी मऊ कापडाची घडी उलगडली आणि ती मोठी कात्री घेऊन माझ्याशेजारी बसले.

"बाबा, ती कापडाची कात्री आहे!"

"मग? हे काय आहे? कापडच आहे, फक्त विस्कटलेलं." आणि त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळे धागे सर्रकन कापून काढले. भंगारवाल्याने ते गोळा करून कागदात बांधले.

मग पट्टा. मुलाने रूळ धरला, सूनबाईंनी पट्टा ओढला. एकदा निसटला. दुसऱ्यांदा सूनबाईंनी दातओठ खाल्ले, हिसका दिला, आणि माझं सगळं अंग हललं. अगदी तसंच, जसं त्या कारखान्यात हललं होतं. माझं मला कळलं की आता झालं.

मला गालिच्यावर टेकवून बटण दाबलं. रूळ थांबला नाही. कित्येक महिन्यांचं तूस मी झोडपून वर काढलं. माझी कचऱ्याची पिशवी भरली, रिकामी केली, पुन्हा भरली. मास्तर जिन्यात बसून माझा आवाज ऐकत होते आणि शेजारी भंगारवाला दुसरा चहा पीत होता. गाडीची वेळ निघून गेली, ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी मास्तरांची छाती तपासली, गालिच्याला चिमटा काढला आणि रिकाम्या बोटांकडे बघितलं. "खोकला पूर्ण जायला वेळ लागेल. पण खोली अशीच राहणार असेल तर मास्तरांनी इथेच राहायला माझी हरकत नाही," त्या म्हणाल्या. मास्तरांनी त्याच दुपारी बॅग रिकामी केली.

मित्रांनो, मी पहिलवान असलो तरी उपदेश करणाऱ्यांतला नाही. तरी एक सांगतो. तुमच्या घरात एखादं यंत्र आवाज करत असेल आणि काम होत नसेल, तर त्याच्या वयावर खापर फोडण्याआधी त्याला उलटं करून बघा. धागे कापा, पट्टा चाचपून बघा. ढिला, चकाकणारा किंवा चिरा पडलेला असेल तर वेळीच बदला. आणि नव्याचं माप झिजलेल्यावर घेऊ नका.

आता माझा एक जास्तीचा पट्टा भिंतीवरच्या खिळ्याला टेपशेजारी टांगलेला असतो. कात्री परत टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात आली आहे. तिचा नियमही पहिल्यासारखाच कडक आहे. कापडाशिवाय ती कशालाही लागत नाही. फक्त अधूनमधून दुपारी मास्तर मला उलटं करतात, तिने माझ्या रुळावरचे धागे कापतात, आणि मग तीच कात्री पुसून पुन्हा कापायला बसतात.