नाव न घेता

चर्चमधल्या बुधवारच्या प्रार्थनेत कुणाचंही नाव घ्यायचं नाही, असा नियम पाळकबाईंनी घालून दिला होता. नियम फार चांगला. विषय मांडायचा आणि नाव देवावर सोपवायचं. मग कुणीतरी डोळे मिटून म्हणायचं, "एक भाऊ आहेत, नाव घेत नाही, नुकतीच बढती मिळालीये आणि संध्याकाळी नको तिथे बसायला लागलेत." मंडळीत नुकतीच बढती मिळालेला एकच भाऊ असायचा. आमेन होईपर्यंत सगळ्यांना सगळं कळलेलं असायचं, आणि चुगली केल्याचं पाप मात्र कुणालाच लागायचं नाही.

या बैठकीला ताई न चुकता यायची. ताई म्हणजे पार्लरवाली ताई. सगळी मंडळी तिला ताईच म्हणायची, पण सख्खी ताई ती एकाच माणसाची होती, तिच्या धाकट्या बहिणीची. लग्न झालं नाही, आईवडील गेले. खाली पार्लर, वर खोली. पार्लरमध्ये दोन खुर्च्या होत्या आणि त्यातल्या एकीवर टॉवेलांची चळत असायची, कारण दोन गिऱ्हाइकं एकदम येण्याचे दिवस कधीच सरले होते. दिवसभर बायका तिच्या हातात डोकं देऊन आरशाशी बोलायच्या. ताई ऐकायची, हो का, अगंबाई, असं म्हणायची, इकडचं थोडं तिकडेही करायची. पण तिचं स्वतःचं कुणी ऐकलंय असा दिवस सहसा उगवत नसे. संध्याकाळी शटर ओढून वर गेली की ती रेडिओवरच्या बातम्या देणाऱ्या बाईलाही हो का म्हणायची.

बुधवारी तिची पाळी आली की ती "प्रकृतीसाठी प्रार्थना करा" एवढंच म्हणायची. पाळकबाई मान डोलवायच्या आणि लगेच पुढच्या बाईकडे वळायच्या. ताईची प्रकृती ठणठणीत होती, हे सगळ्यांना दिसतच होतं.

रविवार मात्र तिचा होता. उपासना झाली की धाकटी नवऱ्याला आणि मुलीला घरी पाठवून ताईकडे यायची. ताई बंद पार्लर तिच्या एकटीसाठी उघडायची, तिचे केस धुवायची, मग दोघी चहा घेत बसायच्या. धाकटी गायनमंडळात गायची. तिचा आवाज असा की मास्तर तिला नेहमी पहिल्या रांगेत उभी करायचे, आणि ताई मागच्या बाकावर बसून उगाचच ताठ व्हायची.

मान बेसिनच्या खोबणीत टेकली, डोळे मिटले आणि कोमट पाणी डोक्यावर आलं की माणूस खरं बोलतं, हे ताईला धंद्याने शिकवलं होतं. त्या रविवारी धाकटी तशीच डोळे मिटून पडली होती.

"ताई," ती म्हणाली, "मला हल्ली प्रार्थना करता येत नाही. गुडघ्यांवर बसते आणि समोर नुसती भिंत असते. वर्ष होत आलं. गाताना तेवढं काहीतरी हाताशी आहे असं वाटतं, बाकी काही नाही. तुझ्याशिवाय कुणाला बोलले नाहीये. कुणाला सांगू नकोस."

ताई खरोखर घाबरली, हे तिच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. लहानपणी हिलाच तिने प्रार्थना शिकवली होती, बोटं एकमेकांत कशी गुंफायची इथपासून. सोमवारी तिने धाकटीसाठी प्रार्थना केली, मंगळवारी केली, आणि आपल्या एकटीची प्रार्थना पुरणार नाही असं तिच्या मनाने घेतलं. बुधवारी तिची पाळी आली.

"एक बहीण आहे," ताई म्हणाली. "नाव घेत नाही. देवासाठी गाते. पण विश्वास गेलाय तिचा. नुसते ओठ हलवते."

कुणीतरी कप बशीत ठेवला. निवृत्त नर्सबाईंनी खुर्ची पुढे ओढली. पाळकबाईंनी मिटलेले डोळे उघडले आणि त्या ताईकडे बघत राहिल्या. खोलीतला एकूण एक चेहरा ताईकडे वळला होता. असं तिच्या आयुष्यात याआधी कधी झालं असेल तर तिला ते आठवत नव्हतं. इथे ती थांबली असती तरी जे व्हायचं ते झालंच असतं म्हणा. पण ती थांबली नाही.

"ढसाढसा रडत होती हो," ती म्हणाली.

धाकटी रडली नव्हती. तिच्या डोळ्यांत टिपूसही आलं नव्हतं. पण हे वाक्य ऐकून बायकांनी जे हुंकार दिले त्यांनी ताईला आतून ऊब आली. ती घरी जाताना वाटेत गुणगुणत होती.

पुढच्या रविवारी उपासनेआधीच मास्तरांनी धाकटीला बाजूला घेऊन, थोडे दिवस विश्रांती घ्या, असं सुचवलं. मास्तर भला माणूस. आपण तिच्या आत्म्याची काळजी घेतोय अशीच त्यांची समजूत होती. बायकांनी तिचा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला. एकीने तर, धीर सोडू नकोस, असं कानात सांगितलं. धाकटी खुळी नव्हती.

ती दुपारी आली, पण आत आली नाही. उंबऱ्यातच उभी राहिली. ताईने टॉवेल खांद्यावर घेतला होता.

"तू सांगितलंस," धाकटी म्हणाली.

"नाव नव्हतं घेतलं गं."

"तुला किती बहिणी आहेत, ताई?"

धाकटी आवाज न चढवता म्हणाली, की गाणं तेवढं हातात होतं, तेही आता गेलं. मग ती वळली आणि निघून गेली. ताई खांद्यावर टॉवेल घेऊन बेसिनपाशी तशीच उभी राहिली.

त्यानंतरचे रविवार रिकामे गेले. धाकटी मंडळीत यायची, नवऱ्याच्या आणि मुलीच्या मधे बसायची, समोर बघत राहायची, आणि आशीर्वाद झाला की मागे वळून न बघता बाहेर पडायची. ताईने फोन केले. नवरा उचलायचा आणि ती कामात आहे म्हणायचा. तो बिचारा खोटं बोलण्यात कच्चा होता, मागून भांडी आपटल्याचाही आवाज येत नसे.

ताईने जिभेवर पहारा बसवला. रोज सकाळी शटर उघडायच्या आधी ती देवाला म्हणायची, माझ्या तोंडाशी तूच उभा राहा. आणि ती खरंच बोलेनाशी झाली. मान खाली करा, डोळे मिटा, झालं, याउपर शब्द नाही. गिऱ्हाईक बाई सुनेबद्दल सुरू झाली की ताई ड्रायर चालू करायची. बायकांना करमेना. पार्लरमध्ये केस कापायला का कुणी जातं? एकेक करून त्या वळणापलीकडच्या नव्या दुकानात जायला लागल्या. ताईने तेही सोसलं. पापाशी झगडायचं तर नुकसान होणारच, असं ती स्वतःला बजावत राहिली, आणि रिकाम्या पार्लरमध्ये कात्र्या पुसत बसली.

मंडळीत मात्र तिची वाहवा सुरू झाली. एका बुधवारी पाळकबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "ताईंकडे बघा. जिभेवर ताबा कसा असावा ते त्यांच्याकडून शिका. केवढ्या वाढल्यात त्या प्रभूमध्ये." सगळ्या चेहऱ्यांनी वळून बघितलं. ताईने नम्रपणे खाली पाहिलं. खाली बघताना आपण कशा दिसत असू, हेही तिच्या मनात येऊन गेलं.

घरी येऊन जिना चढताना तिला पुन्हा आतून ऊब वाटत होती. अर्ध्या जिन्यावर तिचा पाय अडला. ही ऊब तिच्या ओळखीची होती. ढसाढसा रडत होती हो, असं म्हटल्यावर जी आली होती तीच ही, डिट्टो तीच. इतके दिवस ती दारात काठी घेऊन बसली होती आणि चोर आत पलंगावर आडवा होता. तिचं पाप जिभेवर नव्हतंच कधी. माझ्याकडे बघा रे कुणीतरी, ही ती भूक होती, आणि त्या भुकेला तिने सख्ख्या बहिणीचा घास दिला होता. ताई पायरीवर बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. या वेळी मात्र खरोखर ढसाढसा.

रडून धाकटीचं गाणं परत येणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती मास्तरांकडे गेली आणि म्हणाली, तिला परत रांगेत घ्या. मास्तरांनी चष्मा काढून शांतपणे विचारलं, म्हणजे ते खरं नव्हतं का? खरं नव्हतं म्हणावं तर खोटं बोलणं झालं. खरं होतं म्हणावं तर पुन्हा तेच, धाकटी पुन्हा सगळ्यांच्या तोंडी. ती, बघा जमलं तर, असं काहीतरी पुटपुटून परत फिरली. मंडळीची क्षमा मागावी तरी तीच पंचाईत होती. क्षमा कशाची, हे सांगताना बहिणीची गोष्ट पुन्हा सांगावी लागणार, आणि बायका पुन्हा खुर्च्या पुढे ओढणार. दोन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. शेवटी तिने ठरवलं, की आपलं तेवढंच सांगायचं, धाकटीचं एक अक्षर नाही.

बुधवारी तिची पाळी आली तेव्हा ती उभी राहिली. एरवी कुणी उभं राहत नसे.

"मागे मी इथे एक विषय मांडला होता," ताई म्हणाली. "एका बहिणीचा. ती ढसाढसा रडली असं मी म्हणाले होते. ती रडली नव्हती. ते मी माझ्या मनाचं घातलं. तुम्ही सगळ्या माझ्याकडे बघत होतात, मला बरं वाटत होतं, म्हणून. एवढंच माझं पाप आहे. माझ्यासाठी प्रार्थना करा."

ताईला चेहऱ्यांवर काहीतरी बदलताना दिसत होतं, आणि काय बदलतंय ते तिला कळायच्या आत पाळकबाईंनी ते बोलून दाखवलं.

"म्हणजे तुम्ही हे सगळं रचलंत? स्वतःच्या बहिणीबद्दल?"

नाव न घेण्याचा नियम त्या क्षणी पाळकबाईच विसरल्या. ताईच्या ओठांवर "नाही" आलं. एक शब्द बोलली असती तर सुटली असती. मी रचलं नाही, ती स्वतःच्या तोंडाने बोलली होती, मी फक्त शेवटचं वाक्य वाढवलं. हे सगळं खरं होतं, आणि सगळ्या वाट बघत होत्या. ताईने पाळकबाईंकडे पाहिलं, नर्सबाईंकडे पाहिलं, आणि काहीही न बोलता खाली बसली.

इतक्या दिवसांच्या पहाऱ्यात ती पहिल्यांदाच खरी गप्प राहिली होती, आणि आतून कसलीही ऊब आली नाही. तळपाय तेवढे गार पडले होते. प्रार्थना झाली, कुणीतरी मोघम शब्दांत तिचं नावही घेतलं, पण नंतर चहाचा कप तिला तिचा तिनेच उचलून घ्यावा लागला. पुढच्या आठवड्यात नर्सबाई केस रंगवायला आल्या नाहीत. बाजारात दोघी जणी तिला पाहून पलीकडच्या फुटपाथवर गेल्या. स्वतःच्या बहिणीवर असलं किटाळ घेणारी बाई, हे त्या एकमेकींना सांगत असतील, नावासकट. ताईला त्यांचा राग आला, फार आला. आणि रोज संध्याकाळी तो राग देवापुढे ठेवणं हे एक नवीनच काम तिच्या मागे लागलं.

मास्तर मात्र सरळ माणूस. त्यांनी धाकटीची माफी मागितली आणि रविवारी ती पुन्हा पहिल्या रांगेत उभी राहिली. ताई मागच्या बाकावर बसली होती, आणि त्या बाकावर दुसरं कुणी नव्हतं. धाकटीचे केस कुणीतरी कापलेले होते. मागची कड डावीकडे उतरली होती. ती वळणापलीकडच्या दुकानातली कात्री, ताईने इतक्या लांबूनही ओळखली. मग धाकटी गायला लागली. आवाज तसाच, स्वच्छ. हे नुसते ओठ आहेत की आत काही हाताला लागतंय, हे ताईने खूप कान देऊन ऐकलं. तिला काही सांगता येईना. इतकी वर्षं या बहिणीच्या मनातलं तिला न सांगता कळायचं, निदान तशी तिची समजूत होती.

उपासना संपली. लोक दाराकडे निघाले, ताईच्या बाकाला वळसा घालून. ती बसून राहिली. थोड्या वेळाने कुणीतरी शेजारी येऊन उभं राहिलं.

"तू खोटं बोललीस त्यांच्यापाशी?" धाकटीने विचारलं.

"नाही. जे माझं होतं तेवढंच सांगितलं."

"त्यांना वाटतंय की तू सगळं रचलंस."

"वाटू दे."

धाकटी बाकाच्या टोकाला टेकली. दोघींच्या मधे एक माणूस मावेल एवढी जागा होती. बाहेर तिची मुलगी आई, आई अशा हाका मारत होती. धाकटी स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाली, की तिने ताईला माफ केलंय. ताईने मान हलवली.

"आज गाताना मला..." धाकटीने सुरुवात केली.

ताईने वर पाहिलं. धाकटीनेही तिच्याकडे पाहिलं, नीट, क्षणभर थांबून. मग तिने ओठ मिटले.

"काही नाही," ती म्हणाली.

जन्मभर ताईने अशा प्रत्येक ठिकाणी विचारलं होतं, काय गं, बोल ना, मला नाही सांगणार तर कुणाला? तोच प्रश्न आताही तिच्या घशाशी आला. तो तिने तसाच गिळला.

"मुलगी हाका मारतेय," ताई म्हणाली. "जा तू."

धाकटी उठली, आणि जाताना तिने ताईच्या खांद्याला हात लावला की नुसता पदर लागला, हे ताईला नक्की कळलं नाही. बाहेर बोलण्याचे आवाज येत होते. ते सगळे पांगेपर्यंत ती एकटी त्या बाकावर बसून राहिली.