कशासारखं लागलं?

माझ्या मोठ्या भावाला घरात सगळे ‘बहुतेक’ म्हणतात. वनस्पतीशास्त्रज्ञ आहे. रोप दाखवून विचारा, हे काय? दादा भिंग काढणार, पान उलटंसुलटं करणार आणि म्हणणार, “बहुतेक अमुक. फूल आल्याशिवाय सांगता येत नाही.” लग्नालाही बहुतेकच हो म्हणाला असेल, असं वहिनी चिडवते.

रविवारी तो पानांची चित्रं काढतो. मांडीला मांडी लावून त्याची मुलगी, मिरी. सहा वर्षांची. दोघांचा एक खेळ आहे. डोळे मिटायचे, पान जिभेला टेकवायचं, थुंकायचं, मग सांगायचं कशासारखं लागलं. नुसतं ‘कडू’ किंवा ‘गोड’ म्हटलं की बाद. पुदिना म्हणजे टूथपेस्ट, असं सांगायचं.

त्या रविवारी टेबलावर दोन कुंड्या होत्या. दोन्हींची पानं मोठी, लवदार, सेम टू सेम. फूल एकालाही नाही. एक झाड साधं. दुसरं विषारी, हृदयच मंद करणारं. एवढी सारखी दिसतात म्हणूनच दादाला दोन्ही शेजारी ठेवून त्यांची चित्रं काढायची होती.

“ते घरात नको,” वहिनी म्हणाली होती.

“अगं, मिरीला सांगितलंय, हात लावायचा नाही.”

दादा फोन घ्यायला आत गेला. बाहेर आला तर मिरी एकटीच खेळ खेळत बसलेली. डोळे मिटून. थोडं थुंकलं होतं, बाकीचं गिळलं होतं. आणि टेबलावर दोन्ही झाडांची तोडलेली पानं, एकात एक मिसळलेली. चित्रासाठी दादानंच तोडलेली.

गाडी मी चालवली. कशी, ते विचारू नका.

डॉक्टरबाईंनी मिरीच्या छातीला वायरी लावल्या. “आत्ता ठीक आहे. पण कुठलं खाल्लं ते सांगा. उतारा आहे, पण त्याचाही त्रास होतो, उगाच देता येत नाही. आणि थांबलो तर उशीर होईल.”

मिरीनं थुंकलेला चोथा दादानं रुमालात आणला होता, तो भिंगाखाली धरला. “लव दोन्हींना असते... कडा चावून गेलीय... बहुते—”

“बहुतेक म्हणालास तर बघ!” वहिनी ओरडली.

मग तीच मिरीवर वाकली. “बाळा, काकडीसारखं लागलं ना?” साधं पान काकडीसारखं लागतं, हे आम्हाला घरात सगळ्यांनाच पाठ.

मिरीनं मान हलवली. हो.

वहिनीला रडूच फुटलं. सुटलो बाबा! तरी राहवेना म्हणून मी विचारलं, “कडू होतं का गं?” विषारी पान कडू, हे दादानंच सांगितलेलं.

त्यालाही हो.

घाबरलेलं पोर. काहीही विचारा, हो.

“कुणी बोलू नका,” दादा म्हणाला. पलंगाशी गुडघ्यावर बसला. “मिरे, डोळे मीट.”

“मी बाद ना, बाबा?”

“नाही गं. खेळ चालू आहे अजून. कशासारखं लागलं?”

मशीन टिकटिक करतंय. वहिनीनं तोंडावर हात दाबून धरलेला.

“तापाची गोळी,” मिरी म्हणाली. “काकाच्या शर्टावर ओकले होते ना, ती.”

शर्ट माझा. ती गोळी साखरेत कुस्करून दिली होती, तरी जहर कडू.

“अरे, घाबरलीय ती,” वहिनी म्हणाली. “बघ ना, किती छान बोलतेय. काही झालेलं नाही तिला.”

तेच खरं असावं असं मलाही वाटत होतं. दादालाही वाटत असणार. तो उठला. चेहरा पांढराफटक.

“विषारीच खाल्लंय, डॉक्टर. नक्की.”

हा शब्द त्याच्या तोंडून मी जन्मात ऐकला नव्हता.

“नक्की ना?”

“नक्की. द्या तुम्ही.”

उतारा सलाइनमध्ये घालेपर्यंत पडद्यावरचा ठोक्यांचा आकडा उतरायला लागला. मिरीची बडबड थांबली. आकडा खालीच. वहिनीची नखं माझ्या मनगटात. दादा पडद्याकडे बघतच नव्हता, मिरीच्या ओठांकडे बघत होता. निळे पडतायत का.

मग आकडा एका जागी थांबला. बराच वेळ थांबला. आणि हळूहळू चढला.

“आता ठीक,” डॉक्टरबाई म्हणाल्या आणि पहिल्यांदा खुर्चीवर बसल्या.

मिरीनं एक डोळा उघडला. “बाबा, बरोबर सांगितलं ना मी?”

दादानं जोरात मान डोलावली.

“मग किती मार्क?”

वहिनी नाक पुसत म्हणाली, “दे की तिला. आणि तो खेळ आजपासून बंद.”

दादानं दोन्ही हात वर केले. दहाही बोटं.