बाळ आणि बा.

“थट्टेला ऊत आला की मूळ पोस्ट पुन्हा एकदा वाचायची, एवढं पाळ,” ग्रुप सोपवताना जुन्या अ‍ॅडमिन ताईंनी तिला बजावलं होतं. तिनं एक हसरा चेहरा पाठवला होता आणि विसरून गेली होती. आत्ता तिच्या डाव्या हातात लेकीला भरवायचा चमचा होता आणि उजव्या हाताचा अंगठा ‘सदस्य काढा’ या शब्दांवर टेकायच्या बेतात होता. तेवढ्यात लेकीनं चमचा उडवला. घास बरोबर फोनवर पडला.

“थांब गं भवाने!” तिनं फडक्यानं काच पुसली.

समोर मटार सोलत बसलेल्या सासूबाईंनी मान वर केली.

“सकाळपासून काय चाललंय त्या फोनमध्ये?”

“एकीला काढायचंय ग्रुपमधून.”

“का? काय केलं तिनं?”

“स्वतःच्या बाळाबद्दल नाही नाही ते लिहिलंय. तक्रारींवर तक्रारी आल्यात.”

“मग काढ की. विचार कसला करतेस?”

ग्रुप नव्या आयांचा होता. एका कडेवर मूल घेऊन दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं लिहिणाऱ्या बायका, त्यामुळे भाषाही तशीच झालेली. नवरा म्हणजे नव, सासूबाई म्हणजे साबा, सासरेबुवा साबु, जाऊबाई जाबा. मोठी लेक ती मोले, धाकटी लेक ती धाले. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग एका नव्या बाईंनी तोंड उघडलं. ‘ही माणसं आहेत की बसचे नंबर? नवऱ्याला पुरतं नवरा म्हणायला काय जीभ झिजते का?’ त्यावर जी जुंपली ती दोन दिवस थांबेना. कोणी म्हणालं, बाईंना वेळ आहे, आम्हाला नाही. कोणी म्हणालं, बरोबर बोलतायत त्या, मला तर अर्धं कळतच नाही. एकीनं लिहिलं, ‘साबा वाचलं की आमच्या साबांना वाटतं मी साबणाबद्दल बोलतेय. तेवढीच घरात शांतता. पुरतं लिहून मला घराबाहेर काढताय का?’

आणि त्या गदारोळात कोणीतरी चार दिवसांपूर्वीची एक पोस्ट ओढून आणली. ‘हे बघा, लघुरूपांचा कळस!’

पोस्ट ‘पापणी’ अशा टोपणनावानं लिहिलेली होती.

‘दीड महिना झाला, बा. रात्रभर जागी असते. सारखी रडते. काही खात नाही. सगळ्यांची ओढाताण होते. कोणाच्या घरी असं झालंय का?’

खाली हशा पिकला होता. ‘बा म्हणजे बाप असेल, आमचाही रडतो!’ हे लिहिणारी ‘शेंडेफळ’. कोणी गॅसचे थेंब सुचवले, कोणी दात येत असतील म्हणाल्या, त्यावर दुसरी म्हणाली, अहो दीड महिन्याच्या बाळाला दात? एका बाईंनी व्याकरण शिकवलं. ‘बाळ रडतं असं म्हणतात, रडते नव्हे. नपुंसकलिंग असतं ते.’

मग पापणीनं पुन्हा लिहिलं होतं. एकच ओळ.

‘बा. नसती तर सगळ्यांना बरं झालं असतं.’

हसणाऱ्या सगळ्याजणी एकदम उलटल्या. आई आहेस की वैरीण. लोक मुलासाठी झुरतात आणि तुला मिळालंय तर ही किंमत. असल्या बाईला इथं ठेवू नका. ते सगळं वाचताना तिच्याही अंगाचा तिळपापड झाला होता. लेकीला साधा ताप आला तरी तिला घास गिळवत नसे.

ग्रुपमधून कोणाला काढायचं तर कारण म्हणून त्या व्यक्तीचा मजकूर जसाच्या तसा द्यायचा, असा नियम तिनंच केला होता. तिनं पापणीच्या दोन्ही पोस्ट उचलून कारणाच्या चौकटीत चिकटवल्या. लेक होण्याआधी ती एका छापखान्यात शालेय पुस्तकांची मुद्रितं तपासत असे. हाताची खोड जात नाही. ‘जागी’चं ‘जागं’ केलं, ‘रडते’चं ‘रडतं’ केलं, आणि मग ती थबकली. मुलगी असेल तर ‘रडते’ चालेल. उगाच बाईचं शुद्धलेखन बिघडवायला नको. मुलगा की मुलगी ते पाहायला तिनं पापणीच्या मागच्या पोस्ट उघडल्या.

तिथं मुळी एकच पोस्ट होती. पहिली.

‘मुलगा झाला. बाळ आणि बा. सुखरूप.’

लेकीनं टेबलावर वाटी आपटली. तिला ऐकू गेलं नाही.

बाळ पुरतं लिहिलेलं. पुढं ‘आणि’. त्यापुढं बा. सगळं जग एका दमात म्हणतं ते दोन शब्द, बाळ-बाळंतीण. तिनं परत जाऊन वाचलं. बाळंतीण रात्रभर जागी असते. बाळंतीण सारखी रडते. काही खात नाही. रडते, हे बरोबरच होतं. एकही चूक नव्हती.

शेवटची ओळ तिनं वाचली नाही. वाचायची गरज नव्हती. खुर्ची मागं सरकवून ती उभी राहिली.

“आई, हिला घ्या.”

“अगं, हात मटारचे आहेत माझे...”

“तसेच घ्या.”

तिनं पापणीला फोन लावला. घंटा वाजत राहिली, बंद पडली. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

“कोणाला लावतेस?”

“तिलाच. आई, ती बाळाबद्दल नाही, स्वतःबद्दल लिहीत होती. आणि आम्ही तिला दात काढून दाखवले.”

सासूबाईंनी नातीला मांडीवर घेतलं. नात लगेच मटारांवर तुटून पडली. “बघ बाई. उगाच कोणाच्या घरात नाक खुपसायचं आणि चुकलीस तर?”

“चुकले तर नाक कापलं जाईल. जाऊ दे.”

ग्रुपमध्ये येताना कोणीतरी ओळख द्यावी लागत असे. तिनं पापणीची नोंद काढली. ओळख देणारीनं लिहिलं होतं, ‘माझी धाकटी जाऊ आहे, घ्या हो तिला.’ लिहिणारी शेंडेफळ. तीच, ‘आमचाही रडतो’वाली.

शेंडेफळनं पहिल्याच घंटेला फोन उचलला. मागं कुकरची शिट्टी झाली.

“अय्या, अ‍ॅडमिनबाई! मला पण काढताय की काय? अहो, गंमत केली होती मी.”

“तुमची धाकटी जाऊ घरी आहे?”

“आहे ना. वरच्या खोलीत. का?”

“ग्रुपमध्ये ती कुठल्या नावानं लिहिते, माहितेय तुम्हाला?”

“नाही बाई. मी नुसती घ्या म्हटलं होतं. ती कुठं लिहितेय, तिला तर बोलायचाच कंटाळा.”

“पापणी.”

पलीकडं कुकरची पुन्हा शिट्टी झाली. कोणी गॅस बंद केला नाही.

“ती... ती पोस्ट? पण बाळ तर गुणी आहे हो. अजिबात रडत नाही. आत्ताच माझ्याकडे आणून दिलं तिनं. अंघोळ घालून, कपडे घडी करून, पिशवीच भरून दिली. म्हणाली, ताई, आता तुम्हीच सांभाळा.”

तिनं फोन कानाशी घट्ट धरला. आवाज मात्र तिनं हलू दिला नाही.

“वर जा. आत्ता. फोन चालू ठेवून जा.”

“झोपली असेल हो. बाळंतिणीला उठवू नका, असं साबांनी...”

“मी सांगते म्हणून उठवा. शिव्या बसल्या तर माझ्या नावावर खपवा.”

जिन्यावर चपला वाजल्या. बाळ कडेवर असावं, त्याचा बारीक हुंकार येत होता. मग दारावर थाप.

“अगं ए! झोपलीस का? दार उघड गं जरा.” पुन्हा थाप. “आतून कडी आहे,” शेंडेफळ फोनमध्ये म्हणाली, आणि आता तिच्या आवाजातली सगळी गंमत उतरली होती. “अहो, ती ओ देत नाहीये.”

“घरात आणखी कोण आहे?”

“साबु आहेत खाली.”

“त्यांना वर बोलवा. आणि तिला नावानं हाक मारा. जोरात.”

मग शेंडेफळनं खाली ओरडून सासऱ्यांना बोलावलं, आणि दाराला तोंड लावून त्या मुलीचं नाव घेतलं. एकदा. पुन्हा एकदा, खच्चून. साधं, लहानसं नाव होतं, वर्गात हजेरी घेताना पटकन उच्चारून पुढं जावं असं. शेंडेफळ ते घेत राहिली. बाळ दचकून रडायला लागलं.

सासूबाई नातीला घेऊन शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांचे ओठ हलत होते.

कडी सरकली.

“काय झालं, ताई?” आवाज इतका खोल गेलेला की फोन कानावर दाबावा लागला. “बाळाला हवंय का काही?”

“बाळाला काही नकोय गं,” शेंडेफळ म्हणाली. बाळाच्या रडण्यात दोन बायकांचं रडणं मिसळून गेलं. मग म्हातारा पुरुषी आवाज, धापा टाकत, “काय गं पोरींनो, काय झालं?”

रडणं जरा ओसरल्यावर अ‍ॅडमिननं फोनमध्ये स्पष्ट शब्दांत सांगितलं, “तिला एकटं सोडू नका, बाथरूमलासुद्धा. आणि आजच डॉक्टरांकडे न्या. तिला न्यायचंय, बाळाला नाही. घरात विचारत बसू नका, सांगा आणि निघा.”

“साबा म्हणतील, बाळंतिणीला कशाला बाहेर...”

“त्यांना माझ्याशी बोलायला सांगा.”

दुपारी शेंडेफळचा निरोप आला. ‘दवाखान्यात बसलोय. आता तिचा नंबर लागेल. साबांशी भांडून आलेय. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलीय.’

लेक झोपली होती. सासूबाईंनी चहाचा कप तिच्यापुढं ठेवला आणि स्वतःचा घेऊन समोर बसल्या. त्यांनी विचारलं, “तुला झोप लागते ना गं नीट?”

तिनं मान हलवली. मग खरं ते सांगितलं, “कधी कधी नाही लागत.”

ग्रुपमध्ये अजूनही विचारणा चालू होती, पापणीला काढलं का, का नाही काढलं, अ‍ॅडमिन झोपली का. तिनं चौकटीतला चिकटवलेला मजकूर पुसला. मग लिहायला बसली. दोनदा लिहून खोडलं. आधी त्यात राग फार होता, मग उपदेश फार झाला. शेवटी जे उरलं ते एवढंच होतं.

‘पापणी इथंच राहील. कोणाला खटकत असेल तर त्यांनी मला काढावं.

तुमच्या घरात, शेजारी, माहेरी, कामाच्या ठिकाणी कोणी नुकती बाळंत झालेली असेल, तर आज तिच्याकडे जा. फोन नको, जाच. बाळ झोपलं असेल अशा वेळी जा.’